रेटिनॉलचे रात्रीचे क्रीम: सहा महिन्यांच्या वापरानंतर

हसताना डोळ्यांच्या कोपऱ्यांशी ज्या रेषा पडतात त्या हसू ओसरल्यावरही पुसल्या जाईनाशा झाल्या आणि डाव्या गालावर दोन फिकट तपकिरी ठिपके उमटले, तेव्हा वयाच्या सदतिसाव्या वर्षी मी ०.३ टक्के रेटिनॉल असलेले रात्रीचे क्रीम लावायला सुरुवात केली. आता त्याला सहा महिने झाले आहेत. क्रीमचे नाव मुद्दाम देत नाही. हाच घटक जवळपास याच प्रमाणात घालून अनेक कंपन्या क्रीम बनवतात आणि त्यांच्यातला खरा फरक नावापेक्षा वेष्टनात आणि सोबतच्या घटकांत असतो, असे माझे मत झाले आहे.

वेष्टनाचे महत्त्व मला नुकसान सोसून कळले. याआधी मी दुसऱ्या एका कंपनीचे रेटिनॉल क्रीम घेतले होते. ते रुंद तोंडाच्या, पारदर्शक काचेच्या देखण्या डबीत येत असे. रेटिनॉल हवा आणि उजेड या दोहोंनी खराब होते. आणि इथे तर रोज रात्री झाकण उघडायचे, बोट बुडवायचे आणि डबी आरशासमोर ठेवून द्यायची. सुरुवातीला फिकट पिवळे असलेले ते क्रीम दीड महिन्यात कडेने तपकिरी दिसू लागले आणि त्याला जुन्या तेलासारखा खवट वास येऊ लागला. तक्रार केली तेव्हा रंग बदलणे स्वाभाविक आहे, एवढेच उत्तर आले. ते खोटे नव्हते, पण स्वाभाविकपणे बिघडणारी वस्तू अशा डबीत का भरावी, याचे उत्तर त्यात नव्हते. सध्याचे क्रीम ॲल्युमिनियमच्या अरुंद तोंडाच्या नळीत येते. नळी दाबली की दबलेलीच राहते, हवा आत ओढून घेत नाही. सहा महिन्यांनंतर आज शेवटचा थेंबही पहिल्याच रंगाचा आहे. मी पहिले गुण याला देईन.

आता क्रीमच्या कामाविषयी. रेटिनॉल हे अ जीवनसत्त्वाचे एक रूप आहे. त्वचेत त्याचे आधी रेटिनाल्डिहाइड आणि मग रेटिनॉइक आम्ल होते, आणि पेशींवर परिणाम करते ते हे शेवटचे रूप. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारे ट्रेटिनॉइन म्हणजे थेट रेटिनॉइक आम्लच. उन्हाने वयस्क झालेल्या त्वचेवर त्याचा उपयोग होतो, हे अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली मांडले. रेटिनॉलला दोन पायऱ्या चढून तिथवर जावे लागत असल्याने त्याचा परिणाम सौम्य असतो आणि उशिरा दिसतो. त्वचेला घट्टपणा देणारे प्रथिन म्हणजे कोलॅजन वाढवणे आणि त्याची मोडतोड करणाऱ्या विकरांना आवर घालणे हे काम मुळातच महिन्यांच्या हिशेबाने चालते. त्यामुळे खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेले ‘७ दिवसांत दृश्य फरक’ हे वाक्य मला खटकले. सात दिवसांत जो फरक दिसतो तो क्रीममधल्या ग्लिसरिन आणि हायलुरोनिक आम्लाने त्वचेत धरून ठेवलेल्या पाण्याचा असतो. क्रीम बंद केले की तो जातो. त्याच खोक्यावर ‘कोलॅजनयुक्त’ असेही लिहिले आहे. कोलॅजनचा रेणू इतका मोठा असतो की तो अखंड त्वचेतून आत जाऊच शकत नाही, तेव्हा त्या शब्दाकडे दुर्लक्ष करावे.

लावण्याची पद्धत मात्र माहितीपत्रकात नीट सांगितली आहे आणि ती न पाळण्याची चूक माझी. पहिले चार आठवडे आठवड्यातून दोनच रात्री, असे लिहिलेले असताना मी उत्साहाच्या भरात सलग पाच रात्री क्रीम लावले. सहाव्या सकाळी नाकपुड्यांच्या बाजूला आणि हनुवटीवर त्वचेचे पापुद्रे निघू लागले आणि साध्या पाण्यानेही चेहरा चुरचुरू लागला. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेला हे विशेष जपावे लागते, कारण अशा त्वचेवर दाह झाला की मागे काळसर डाग राहतो, म्हणजे डाग घालवायला जावे आणि नवा डाग पदरी पडावा. मी दहा दिवस थांबले आणि मग शिस्तीने सुरुवात केली: चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्यायचा, आधी साध्या मॉइश्चरायझरचा थर, त्यावर वाटाण्याएवढे क्रीम संपूर्ण चेहऱ्याला, पापण्या आणि ओठांचे कोपरे सोडून. पुढचे चार आठवडे एक रात्र आड आणि त्यानंतर आठवड्यातून पाच रात्री. पुन्हा त्रास झाला नाही. क्रीमला सुगंध घातलेला नाही, ही गोष्टही इथे उपयोगी पडली असावी. गर्भारपणात किंवा गर्भधारणेचा विचार असताना रेटिनॉल टाळावे, ही सूचना पत्रकाच्या मागच्या बाजूला इतक्या बारीक अक्षरांत आहे की ती शोधावी लागते. ती खोक्याच्या दर्शनी बाजूला असायला हवी होती.

परिणाम तपासण्यासाठी दर चौथ्या रविवारी, सकाळी त्याच खिडकीपाशी, चेहरा धुतल्यावर मी छायाचित्र काढत गेले. तिसऱ्या महिन्यापर्यंत गालांचा खरखरीतपणा जाण्यापलीकडे काही दिसत नाही. पाचव्या छायाचित्रात डोळ्यांच्या कोपऱ्यांतील सर्वांत बारीक रेषा पुसट झालेल्या दिसतात आणि ठिपक्यांपैकी एक जवळजवळ ओळखू येत नाही. दुसरा आहे, पण फिकटला आहे. भुवयांमधली उभी आठी मात्र तसूभरही हललेली नाही. ती स्नायूंच्या सततच्या आकुंचनाने पडते, आणि क्रीम स्नायूंपर्यंत पोहोचत नाही. जबड्याच्या कडेला आलेला किंचित सैलपणाही तसाच आहे.

हे सारे श्रेय क्रीमला देणे प्रामाणिक ठरणार नाही, कारण याच सहा महिन्यांत मी रोज सकाळी सनस्क्रीनही लावत होते. ठिपके डाव्याच गालावर का, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. कामाच्या मेजाशी बसल्यावर खिडकी माझ्या डावीकडे येते. अतिनील किरणांपैकी ३२० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचे ‘ए’ प्रकारचे किरण साध्या काचेतून आत येतात आणि कोलॅजनच्या थरापर्यंत खोल जातात. अठ्ठावीस वर्षे मालमोटार चालवलेल्या एका चालकाचे छायाचित्र २०१२ साली वैद्यकीय नियतकालिकात आले होते. खिडकीकडचा अर्धा चेहरा दुसऱ्या अर्ध्यापेक्षा कितीतरी म्हातारा. ऑस्ट्रेलियातील एका दीर्घ चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१३ साली आले, रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचे वय वाढणे साडेचार वर्षांत मर्जीनुसार लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी आढळले. सनस्क्रीनच्या बाटलीवरचा एसपीएफचा, म्हणजे उन्हापासून मिळणाऱ्या संरक्षणाचा आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा थर देऊन मोजलेला असतो. आपण सहसा त्याच्या निम्मेही लावत नाही. चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांच्या लांबीएवढे घ्यावे, हे माप मला सोयीचे वाटते. रेटिनॉल लावून सकाळी सनस्क्रीन न लावणाऱ्याने हे क्रीम घेऊच नये.

पाचपैकी साडेतीन गुण. एक गुण खोक्यावरच्या दाव्यांसाठी कापला आहे आणि अर्धा त्या बारीक अक्षरांतील सूचनेसाठी. ३० ग्रॅमची नळी सुमारे शंभर रात्री, म्हणजे माझ्या वापराने सहा महिने पुरली. दुसरी नळी आणली आहे. पहिल्या वेळी मान विसरले होते आणि छायाचित्रांत ते दिसते, म्हणून या वेळी आठवड्यातून दोन रात्री मानेपासूनच सुरुवात केली आहे.