निलगिरी की आल्प्स? मराठवाड्यातील सायकलस्वारासाठी एक तुलना

छत्रपती संभाजीनगर, बीड किंवा लातूर परिसरात नियमित सायकल चालवणाऱ्या आणि आता सलग आठवडाभर घाटरस्त्यांवर स्वतःला आजमावू पाहणाऱ्या हौशी सायकलस्वाराने दोन उपक्रमांचा विचार जरूर करावा. एक म्हणजे २००८ साली सुरू झालेली आणि डिसेंबरमध्ये निलगिरीच्या परिसरातून जाणारी ‘टूर ऑफ निलगिरीज’. दुसरा म्हणजे २०११ साली जिनिव्हा ते नीस अशा मार्गाने सुरू झालेला ‘ओत रूत आल्प्स’. दोन्हींचे मार्ग बदलत असल्याने किलोमीटरची तुलना फारशी उपयोगी पडत नाही; चढाचे स्वरूप आणि तयारीचा हंगाम या गोष्टी मात्र निर्णायक ठरतात.

छत्रपती संभाजीनगर शहरातून म्हैसमाळ या थंड हवेच्या ठिकाणी जाताना आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटरवरून १,०६७ मीटरपर्यंत पोहोचतो, म्हणजे निव्वळ उंची पाचशे मीटरच वाढते. आल्प्समधील प्रसिद्ध आल्प द्युएझचा चढ १३.८ किलोमीटरचा असून त्याला २१ वळणे आहेत आणि सरासरी आठ टक्क्यांच्या चढणीने तो एका दमात सुमारे अकराशे मीटर वर नेतो. गालिबिए खिंड तर २,६४२ मीटरवर आहे. निलगिरीतही मसिनागुडीहून उटीकडे नेणारा, ३६ वळणांचा कल्हट्टी घाट सोपा मुळीच नाही आणि उटीही २,२०० मीटरच्या वर आहे. मात्र ‘टूर ऑफ निलगिरीज’मध्ये वेळ मोजण्याचे ठरावीक टप्पे सोडले तर भर सहलीवर असतो, ‘ओत रूत’मध्ये क्रमवारी लागते आणि कमाल वेळेची मर्यादा पाळावी लागते. पहिल्याच खेपेला हे दडपण घ्यावे, असे मला वाटत नाही.

गिअरकडे दुर्लक्ष करू नये. पुढे ३९ आणि मागे २८ दात्यांची चक्रे असतील, तर मिनिटाला ७० पायडल फेऱ्या राखण्यासाठी ताशी बारा किलोमीटरहून अधिक वेग ठेवावा लागतो. आठ टक्क्यांच्या चढावर तो तासभर टिकवणे बहुतेक हौशी स्वारांना जमत नाही. पुढे ३४ आणि मागे ३४ असल्यास त्याच लयीत वेग ताशी नऊ किलोमीटरच्या आत राहतो आणि गुडघे वाचतात. हा बदल दोन्ही ठिकाणी आवश्यक आहे.

उतरणीची तयारी आपल्याकडे सर्वांत कमी होते. घामाने भिजलेल्या कपड्यांनिशी थंड खिंडीवरून वेगाने उतरताना बोटे बधिर होतात आणि ब्रेक ओढण्याची ताकद कमी होते. म्हणून वाऱ्यापासून वाचवणारे जाकीट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे खिशातच हवेत. ब्रेक सतत दाबून न ठेवता वळणाआधी थोडा वेळ घट्ट दाबून सोडण्याची सवय दौलताबादच्या घाटात, रहदारी कमी असताना, लावून घेता येते.

माझा कौल निलगिरीच्या बाजूने जातो तो मुख्यतः आपल्या ऋतुमानामुळे. युरोपच्या उन्हाळ्यासाठीची तयारी मराठवाड्यात एप्रिल-मेच्या चाळीस अंशांपलीकडच्या उन्हात, म्हणजे फक्त पहाटे, आणि नंतर पावसात निसरड्या रस्त्यांवर करावी लागते. डिसेंबरसाठी मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरचे कोरडे, सुखद दिवस मिळतात. शिवाय सायकल खोक्यात बांधून दक्षिणेत नेण्याचा खर्च विमानप्रवास आणि व्हिसाच्या खर्चाच्या तुलनेत बराच कमी असतो.

ज्यांनी एकदा तरी सलग चार-पाच दिवस घाट चढले आहेत, थंडीत उतरण्याचा अनुभव घेतला आहे आणि क्रमवारीची ओढ आहे, त्यांनी थेट आल्प्सचा विचार करावा. त्यांना शेंगेन व्हिसासाठी (युरोपातील अनेक देशांना चालणारा सामायिक व्हिसा) किमान ३० हजार युरोंचे संरक्षण देणारा प्रवास विमा लागेल. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. कागदपत्रांची जुळवाजुळव त्याआधीच सुरू करावी.