पित्तनलिका फुगलेली, कारण सापडेना : एमआरसीपी की एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड?

फोंड्याच्या मावशीच्या सोनोग्राफीत पित्तनलिका ११ मिमी दिसली (सर्वसाधारणपणे ती ६-७ मिमीपर्यंत असते), खडा मात्र कुठेच दिसला नाही, आणि पुढची तपासणी कोणती, यावर घरात दोन तट पडले.

एमआरसीपीत (म्हणजे पित्त आणि स्वादुपिंडाच्या नलिकांच्या एमआरआयमध्ये) शरीरात काहीच घालावे लागत नाही, भूलही लागत नाही. यकृतातल्या बारीक फांद्यांसह सगळ्या नलिकांचा नकाशा एकदम मिळतो. बंदिस्त नळीची भीती वाटणाऱ्यांना ती जड जाते आणि पेसमेकर असल्यास आधी विचारून घ्यावे लागते.

एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंडमध्ये दुर्बिणीच्या टोकावरचा प्रोब जठरातून ग्रहणीत (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात) नेऊन पित्तनलिकेला जवळजवळ खेटून ठेवतात. त्यामुळे ५ मिमीहून लहान खडे, नलिकेच्या मुखाशी असलेली छोटी गाठ किंवा स्वादुपिंडाच्या डोक्यातला बारीक ट्यूमर, म्हणजे एमआरसीपीतून नेमके निसटणारे दोष, इथे अधिक खात्रीने सापडतात, आणि गरज पडल्यास त्याच बैठकीत सुईने नमुनाही घेता येतो. मात्र उपाशीपोटी जावे लागते, गुंगीचे औषध देतात, त्या दिवशी गाडी चालवता येत नाही, आणि निकाल करणाऱ्याच्या हातावर बराच अवलंबून असतो. म्हणून पणजी-मडगावात चौकशी करताना दराआधी अनुभव विचारावा, असे माझे मत आहे.

पित्ताशय पूर्वीच काढलेले, त्रास नाही आणि रक्तातली यकृताची तपासणी सामान्य असेल, तर एमआरसीपी पुरेशी ठरू शकते. कावीळ, घटते वजन, रक्तात वाढलेले यकृताचे एन्झाइम किंवा स्वादुपिंडाची नलिकाही फुगलेली असल्यास एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड लांबवू नये.