झेडआरएसटीने सगळे टायमर एकदम शून्य: मिरजोळेच्या पल्प कारखान्यातला एका सीझनचा अनुभव

आमचा कारखाना रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीत. उन्हाळ्यात हापूसचा पल्प, मग कोकम, आणि माल कुठलाही असो, पाळी संपली की टाक्या आणि पाइपलाइन धुवायची सीआयपी (क्लीनिंग इन प्लेस, म्हणजे काही न उघडता जागेवरच धुणं) आलीच. ही सीआयपी मित्सुबिशीच्या एफएक्स३यू पीएलसीवर, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरवर चालते. सीझन सुरू होण्याआधी मी प्रोग्राममधल्या विखुरलेल्या आरएसटी (एकेक टायमर शून्य करणाऱ्या सूचना) काढल्या आणि त्यांच्या जागी झेडआरएसटी (सलग नंबरांचा अख्खा पट्टा एकदम शून्य करणारी सूचना) घातली. आंब्याचा अख्खा सीझन आणि बराचसा पावसाळा त्यावर काढल्यावर हे लिहितोय.

साध्या टायमरला रिसेट लागतच नाही, इनपुट गेलं की तो आपोआप शून्यावर येतो. सीआयपीत मात्र आम्हाला वेळ साठवणारे टायमर लागतात. कॉस्टिक (धुण्याचं सोड्याचं द्रावण) फिरत असताना परतीच्या लाइनचं तापमान ७५ अंशांच्या वर असेल तेवढीच वेळ मोजायची, तापमान पडलं की थांबायचं, चढलं की पुढे चालू. त्यासाठी एफएक्स३यूमध्ये टी२५० ते टी२५५ असे १०० मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी मोजणारे सहा टायमर आहेत. लाइट गेली तरी बॅटरीवर त्यांची वेळ शाबूत राहते. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला की आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे ही सोय सोन्यासारखी आहे.

पण शाबूत राहणारी वेळ मुद्दाम पुसावी लागते. जुना प्रोग्राम पॅनल बनवणाऱ्याने दिलेला होता आणि त्यात प्रत्येक टायमरची आरएसटी वेगळ्या ठिकाणी होती. नंतर कुणीतरी शेवटच्या धुण्याची पायरी वाढवली, टी२५४ घातला, पण सायकल रद्द केल्यावर लागणारी त्याची आरएसटी घातलीच नाही. झालं असं, की एकदा धुणं अर्ध्यावर रद्द झालं आणि पुढच्या सायकलला टी२५४ मागच्या वेळेपासूनच मोजायला लागला. धुणं लवकर आटोपलं. लॅबमधल्या ताईंनी शेवटच्या पाण्यात फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाकले तर पाणी गुलाबी! म्हणजे लाइनमध्ये कॉस्टिक शिल्लक. त्यांनी भरणी थांबवली म्हणून निभावलं.

आता सायकल रद्द झाली किंवा पूर्ण झाली की एकच ओळ चालते: झेडआरएसटी टी२५० टी२५५. सहाही टायमरची वेळ शून्य, सहाही संपर्क (वेळ भरल्याची खूण) ऑफ. सेट केलेल्या वेळेला धक्का लागत नाही. टायमर वाढवला तर तो त्याच पट्ट्यात बसतो, वेगळी आरएसटी आठवणीने घालायची गरज उरत नाही. इतक्या महिन्यांत अर्धवट वेळेची एकही तक्रार लॅबकडून आली नाही, आणि मला या बदलाचं खरं समाधान त्यातच आहे.

क्रम मात्र सांभाळावा लागतो. टायमर शून्य केला पण त्याला चालवणारा पायरीचा बिट (ती पायरी सुरू असल्याची खूण) चालूच राहिला, तर तो लगेच शून्यापासून पुन्हा मोजायला लागतो. म्हणून मी आधी पायऱ्यांचे बिट झेडआरएसटीने उडवतो, त्याच्या खालच्या ओळीत टायमर, आणि टायमरच्या कॉइल (टायमर चालवणाऱ्या ओळी) त्याच्याही खाली. पायऱ्यांचे बिट एम५०० च्या पुढचे, लाइट गेल्यावरही टिकणारे घेतलेत. त्यामुळे लाइट आल्यावर सायकल जिथे होती तिथून पुढे नेता येते, आणि रद्द करायची तर ऑपरेटर बटण दाबतो. अर्धवट सायकलचा रिसेट फक्त त्याच्या हातात ठेवलाय, लाइट येण्याशी जोडलेला नाही. माझ्या मते हे फार महत्त्वाचं आहे.

दुसरी गोष्ट, झेडआरएसटी पट्ट्यात जे येईल ते पुसते. मधलाच एखादा टायमर दुसऱ्या कामाला वापरला असेल तर तोही गेला. नंबर उलटे लिहिले, म्हणजे पहिला मोठा आणि दुसरा लहान, तर फक्त पहिलाच रिसेट होतो आणि बाकीचे तसेच राहतात. ही चूक वाचताना पटकन डोळ्यात भरत नाही, म्हणून प्रोग्राम तपासताना आधी तीच ओळ बघा. आणि पीएलसीवरचा बॅटरीचा दिवा पेटला तर बॅटरी बदलण्यात चालढकल करू नका, सगळी भिस्त तिच्यावर आहे.

डेल्टा कंपनीच्या डीव्हीपी पीएलसीतही झेडआरएसटी याच नावाने आहे. ॲलन ब्रॅडलीच्या पीएलसीत प्रत्येक टायमरला आरईएस ही रिसेटची सूचना द्यावी लागते, आणि ती टीओएफ (इनपुट गेल्यावर मोजणाऱ्या) टायमरवर वापरायची नसते. तिथे एफएलएल या भरण्याच्या सूचनेने सगळे टायमर शून्याने भरायची युक्ती काही जण करतात, पण त्यात सेट केलेली वेळही पुसली जाते. मी ती करणार नाही.

खरी अडचण संख्येची. १०० मिलिसेकंदांचे साठवणारे टायमर सहाच, आणि एकेकाची धाव ३२७६.७ सेकंद, म्हणजे तासाच्या आतच. एक मिलिसेकंदाचे टी२४६ ते टी२४९ आहेत, पण ते ३२ सेकंदांतच संपतात. आमच्या दुसऱ्या लाइनच्या सीआयपीला आठ पायऱ्या आहेत. तिथे मी सी१०० पासूनचे, लाइट गेल्यावरही टिकणारे काउंटर घेतले आणि एम८०१३ या एक सेकंदाच्या घड्याळावर चालवले. एक काउंटर नऊ तासांपर्यंत मोजतो आणि झेडआरएसटी सी१०० सी१०७ म्हटलं की आठही साफ. फक्त एम८०१३ चा संपर्क थेट लावू नका, एलडीपी (संपर्क चालू होतो त्या क्षणीच एकदा लागणारा) लावा. तापमानाचा संपर्क ७५ च्या आसपास फडफडला तर थेट लावलेल्या काउंटरमध्ये एकाच सेकंदात दोन-तीन आकडे चढतात, आणि कॉस्टिकची वेळ कागदावर पूर्ण दिसली तरी लाइनमध्ये कमी पडते.