स्वतंत्र मंडळ की राज्य परिषद? निवेदनावर सही करण्याआधी समुपदेशकांसाठी

डिसेंबरात अधिवेशन नागपुरात येतं आणि यशवंत स्टेडियमपासून मोर्चे निघायला लागतात. आपल्या समुपदेशकांच्या गटातही निवेदनाचे दोन मसुदे फिरत आहेत. पहिल्यात मागणी आहे की समुपदेशक आणि मानसशास्त्रज्ञांसाठी महाराष्ट्रानं वेगळा कायदा करावा आणि स्वतंत्र परवाना मंडळ स्थापावं. दुसरा मसुदा म्हणतो की केंद्राच्या २०२१ च्या संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात व्यावसायिकांची नोंदणी करणाऱ्या राज्य परिषदेची तरतूद आहेच, तिच्यात आम्हाला नीट जागा द्या. सही कशावर करायची, असं बऱ्याच जणांनी विचारलं. मी दुसऱ्यावर करणार आहे, पण आज आहे तशा मसुद्यावर नाही.

दोन्ही मसुदे मी एकाच प्रश्नावर घासून पाहिले. तो प्रश्न मला नागपूरजवळच्या काटोलकडच्या एका आईनं विचारला होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तिनं पिशवीतून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलेली पावती काढली. 'माइंड पॅकेज, २१ सेशन', पैसे आगाऊ भरलेले, खाली 'सर्टिफाइड थेरपिस्ट' असा गोल शिक्का. मुलगा बारावीचा. सहाव्या सेशनला त्याला सांगण्यात आलं की मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्यांची आता गरज नाही. पंधरवड्यात त्याला भरती करावं लागलं. आई म्हणाली, "मॅडम, हा डॉक्टर असता तर मेडिकल कौन्सिलात गेलो असतो. याची तक्रार कुठं करू?" मी ग्राहक आयोगाचं नाव सांगितलं. तिथं पैसे परत मिळू शकतात. पण तो माणूस उद्या दुसऱ्या गल्लीत तोच शिक्का मारत बसला, तर त्याला थांबवणारं कुणी नाही.

आज आपण कुठं उभे आहोत? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आरसीआयकडे, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेले असतात. त्यांचा सीआरआर नंबर, म्हणजे परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीतला क्रमांक, कुणालाही तपासता येतो. १९९२ च्या त्या कायद्यात विनानोंदणी काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याप्रमाणे राज्य प्राधिकरणानं क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसिक आरोग्य परिचारिका आणि मनोविकार सामाजिक कार्यकर्ते यांची नोंद ठेवायची आहे. शाळेतला, कॉलेजातला, खासगी खोलीत बसणारा साधा समुपदेशक या दोन्ही याद्यांत बसत नाही. सगळ्यांनी आरसीआयकडे जावं, हा उपायही टिकत नाही, कारण ती परिषद अपंग पुनर्वसनासाठी उभी राहिली आहे.

आता पहिला मसुदा. त्याची ओढ मी समजू शकते. आपलं काम ओळखणारे लोक आपले नियम लिहितील, गोपनीयता म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागणार नाही. शिवाय महाराष्ट्रात असं घडलेलं आहे. ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीसाठी राज्यानं २००२ च्या कायद्यानं स्वतंत्र परिषद केली. त्यांना मिळालं, मग आपल्याला का नाही?

कारण २००२ मध्ये या क्षेत्रात केंद्राचा असा कायदा नव्हता, आज आहे. व्यवसायांचं नियमन हा समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही अखत्यारीतला विषय आहे. राज्याला कायदा करता येतो, पण तो केंद्राच्या कायद्याला छेद देत असेल तर संविधानाच्या अनुच्छेद २५४ प्रमाणे राष्ट्रपतींची संमती मिळेपर्यंत तो त्या ठिकाणी टिकत नाही. विधेयक, दोन्ही सभागृहं, मग दिल्ली. फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी हे दोन्ही व्यवसायसुद्धा आता २०२१ च्या कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे त्यात येणाऱ्या व्यवसायांच्या यादीत आहेत. ज्या वाटेनं ते २००२ मध्ये गेले, ती वाट आपल्यासाठी आज तशी मोकळी नाही.

मला जास्त खटकतं ते दुसरंच. पहिल्या मसुद्यात 'मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवी' ही पात्रतेची अट आहे. मग मेडिकल-मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांतल्या एचआयव्ही समुपदेशन केंद्रांत एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन काम करणाऱ्यांचं काय? शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत २०१५ पासून शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठीचा प्रेरणा प्रकल्प चालू आहे. विदर्भात समुपदेशन म्हणजे बहुतेक वेळा असंच काम, गावात जाऊन ओट्यावर बसून केलेलं. २०२१ च्या अनुसूचीत मानसशास्त्रज्ञांबरोबर वर्तन विश्लेषक, एचआयव्ही आणि कुटुंबनियोजन समुपदेशक, वैद्यकीय व मनोविकार सामाजिक कार्यकर्ते, मानसिक आरोग्य सहायक हे सगळे नावानिशी आहेत. आपलं घर बांधताना आपल्याच लोकांना दाराबाहेर ठेवणारा मसुदा मला मान्य नाही.

अमेरिकेचा दाखला पहिल्या मसुद्यात दोनदा येतो. तिथं व्हर्जिनियानं १९७६ मध्ये समुपदेशकांना परवाना देणारा पहिला कायदा केला, हे खरं. पण पुढचंही वाचायला हवं. टेक्सासनं २०१९ मध्ये मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, कुटुंब-विवाह थेरपिस्ट आणि सामाजिक कार्यकर्ते यांची वेगवेगळी मंडळं एका वर्तन आरोग्य (बिहेवियरल हेल्थ) परिषदेच्या छताखाली आणली. व्यवसायाची मंडळं ठेवली, वर सामाईक यंत्रणा बसवली. आणि २०१५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या दंतवैद्यक मंडळाच्या प्रकरणात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की मंडळावर त्याच धंद्यातल्या लोकांचं वर्चस्व असेल आणि सरकारची सक्रिय देखरेख नसेल, तर स्पर्धा कायद्यापासून त्याला संरक्षण मिळणार नाही. दात पांढरे करून देणाऱ्या बिगर-डॉक्टरांना त्या मंडळानं बाजारातून हटवायचा प्रयत्न केला होता. 'आपले नियम आपणच' या वाक्याची ती दुसरी बाजू आहे.

म्हणून दुसरा मसुदा बरा. पण त्यातली भोकं मोठी आहेत. कायद्यात व्यवसायांचे एकूण १० वर्ग आहेत आणि आपण सातव्यात आहोत: 'सामुदायिक सेवा, वर्तन आरोग्य विज्ञान आणि इतर व्यावसायिक'. याच वर्गात पर्यावरण संरक्षण अधिकारी आहेत, व्यावसायिक सुरक्षा अधिकारी आहेत, पायांची काळजी घेणारे पोडियाट्रिस्टही आहेत. राज्य परिषदेवर प्रत्येक वर्गाचे दोनच सदस्य, तेही राज्य सरकारनं नेमलेले. सातव्या वर्गाच्या दोन्ही खुर्च्यांवर आपल्या कामाशी संबंध नसलेले लोक बसले तर कायदा मोडला असं होणार नाही, पण आपल्या नावानं बोलणारं तिथं कुणी नसेल. स्वतंत्र मंडळवाल्यांची भीती इथं शंभर टक्के खरी आहे.

फरक इतकाच की ही भीती घालवायला नवा कायदा लागत नाही, नेमणूक करणाऱ्या सरकारची इच्छा लागते. अधिवेशनात आमदाराकडे कागद घेऊन जाताना हा फरक फार मोठा असतो. आणि उशीर होतोय हे म्हणायला आधारही आहे. १२ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं केंद्र आणि राज्यांना हा कायदा दोन महिन्यांत अमलात आणायला सांगितलं होतं.

घाई दुसऱ्याही कारणानं आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षण संस्थांना किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायला सांगितलं. शिकवणी वर्गही त्यात आले. नागपुरात ही मागणी लगेच वाढणार. 'पात्र' कोण हे सांगणारी यादी नसेल तर त्या खुर्चीवर गोल शिक्केवालाच जाऊन बसेल. त्याच वर्षी यूजीसीनं २०२१ च्या कायद्यात येणारे अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीनं बंद केले, मानसशास्त्रासह. गोंदिया-गडचिरोलीकडच्या कितीतरी जणींनी नोकरी, घर सांभाळत एमए असंच केलं आहे. आधी घेतलेल्या या पदव्यांबद्दल दोन्ही मसुद्यांत एक ओळ नाही. ती घालायलाच हवी: पर्यवेक्षणाखाली ठरावीक तास आणि एक परीक्षा, पण दार उघडं.

दुसऱ्या मसुद्यात मला आणखी तीन गोष्टी हव्या आहेत. सातव्या वर्गाची किमान एक जागा वर्तन आरोग्याची असावी. तक्रारीच्या सुनावणीत व्यवसायाबाहेरचा, शक्य तर सेवा घेतलेला माणूस असावा. आणि विदर्भातल्या तक्रारी नागपुरात ऐकल्या जाव्यात. ज्या बाईनं पॅकेजचे पैसे उसनवारी करून भरले, तिला तारखेसाठी रात्रभर विदर्भ एक्सप्रेसनं मुंबईला पाठवणं म्हणजे तक्रार करू नको असं सांगणंच झालं.

पावतीची झेरॉक्स तिनं माझ्याकडे ठेवली आहे, कधी उपयोग झाला तर म्हणून. नागपुरातल्या सुनावणीचं कलम मसुद्यात आलं की मी सही करते.