वॉलहॅलाची सोन्याची खाण आणि तिच्यापर्यंत जाणारी छोटी रेल्वे

मेलबर्नहून पूर्वेला सुमारे १८० किलोमीटरवर, व्हिक्टोरिया राज्यातील गिप्सलँडच्या डोंगरांत, वॉलहॅला नावाचे एक गाव आहे. आज तेथे कायमची वस्ती जेमतेम वीसेक माणसांची असली, तरी एकेकाळी हे राज्यातील अत्यंत संपन्न सोन्याच्या गावांपैकी एक होते. येथे पाहुण्यांसाठी दोन सेवा चालतात: ‘लाँग टनेल एक्स्टेंडेड’ या जुन्या खाणीची मार्गदर्शकासह फेरी आणि थॉमसन स्थानकापासून गावापर्यंतची सुमारे चार किलोमीटरची रेल्वे. बहुतेक लोक रेल्वेसाठी येतात आणि वेळ उरला तर खाण पाहतात. माझे मत नेमके उलटे आहे. खाण पाहिल्याखेरीज या गावातील एकही गोष्ट नीट उलगडत नाही, म्हणून आधी खाण पाहावी.

फेरीच्या सुरुवातीला डोक्यावर शिरस्त्राण चढवले जाते आणि डोंगराच्या पोटात सुमारे तीनशे मीटर आत नेले जाते. वाट सपाट आहे, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही ती झेपते. आतली हवा मात्र उन्हाळ्यातही गार असते, म्हणून स्वेटर जवळ ठेवावा. बोगद्याच्या शेवटी डोंगर आतून कोरून काढलेले एक प्रशस्त दालन लागते. खोल विहिरीसारख्या उभ्या खाणीतून सोन्याची गारगोटी वर ओढणारी यंत्रे याच दालनात बसवलेली होती. ती विहीर तेथून शेकडो मीटर खाली उतरते. दिव्याच्या उजेडात छिन्नीचे आणि सुरुंगाच्या भोकांचे व्रण दाखवत मार्गदर्शक ते काम कसे चाले हे सांगत जातो, तेव्हा कष्टाचा अंदाज आकड्यांशिवायही येतो. माहिती शांतपणे, पाठ केल्यासारखी न वाटता दिली जाते आणि मुलांच्या प्रश्नांना वेळ मिळतो, हे मला विशेष मोलाचे वाटते.

बाहेर आल्यावर गाव वेगळे दिसू लागते. १८६२ च्या अखेरीस एडवर्ड स्ट्रिंजर आणि त्याच्या सोबत्यांना येथील ओढ्यात सोने सापडले आणि पुढे ओढ्यालाही स्ट्रिंजरचेच नाव पडले. दरी इतकी अरुंद आहे की एक रस्ता, एक ओढा आणि दोन्ही कडांना चिकटलेली घरे एवढाच गावाचा विस्तार होऊ शकला. १९०१ मध्ये बांधलेले अग्निशमन केंद्र जागेअभावी थेट ओढ्यावर आडवे उभे केलेले आहे. दफनभूमी इतक्या तीव्र उतारावर आहे की चालताना तोल सांभाळावा लागतो. आपल्याकडील वाचकांना सर्वाधिक भावेल ते मात्र क्रिकेटचे मैदान. दरीत सपाट जागा नव्हती, म्हणून गावकऱ्यांनी डोंगराचा माथाच सपाट करून तेथे मैदान तयार केले! वर जाणारी पायवाट चढाची आहे आणि पाहुणे संघ चढ चढूनच अर्धे हरत, असे गावात सांगतात. खेळासाठी एवढा खटाटोप करणारी माणसे मला अगदी ओळखीची वाटली.

निसर्गाचा भागही खाणीशीच जोडलेला आहे. बॉयलर पेटते ठेवण्यासाठी लाकूड लागे, त्यामुळे आजूबाजूचे डोंगर अक्षरशः बोडके झाले होते. सरपण दिवसेंदिवस अधिक लांबून आणावे लागल्याने खर्च वाढत गेला आणि लाँग टनेल ही गावची प्रमुख खाण १९१४ मध्ये बंद पडली. आज त्याच उतारांवर निलगिरी आणि नेच्यांचे दाट रान पुन्हा उभे राहिले आहे. अनेकांना ते अस्पर्श अरण्य वाटते, पण ते कापून संपवल्यानंतर परतलेले रान आहे, हे जाणून पाहिले तर त्याचे मोल वाढते. येथूनच ऑस्ट्रेलियन आल्प्स पदभ्रमण मार्ग सुरू होतो आणि सुमारे ६५० किलोमीटरनंतर कॅनबेराच्या परिसरात संपतो.

या पार्श्वभूमीवर रेल्वेचा प्रवास वेगळाच अर्थ घेऊन येतो. रेल्वे गावात पोहोचली १९१० मध्ये, म्हणजे सोन्याचा बहर ओसरल्यानंतर. खाणी बंद झाल्यावर लोक गाव सोडू लागले आणि घरेसुद्धा उचकटून अन्यत्र हलवली गेली. १९४४ मध्ये गावापर्यंतची गाडी थांबली. आजची सेवा स्वयंसेवकांनी १९९० च्या दशकापासून रूळ आणि पूल पुन्हा उभारून सुरू केलेली आहे. रुळांची रुंदी ७६२ मिलिमीटर आहे, म्हणजे नेरळ–माथेरानच्या ६१० मिलिमीटरच्या रुळांहून थोडी जास्त. थॉमसन नदीवरचा पूल आणि त्यानंतर ओढ्याच्या घळीतून एकामागून एक येणारे पूल हे प्रवासाचे खरे वैभव आहे. मात्र वाफेच्या इंजिनाच्या अपेक्षेने जाऊ नये, कारण गाडी सहसा डिझेलवर चालते. जाऊन येऊन तासाभराचा हा प्रवास माथेरानच्या गाडीएवढा दीर्घ नाही, तरी घळीच्या इतक्या जवळून जाण्याचा दुसरा सोपा मार्ग नाही.

गावात वीज आली ती १९९८ मध्ये. आजही पेट्रोल आधीच्या गावातच भरून घ्यावे लागते, आणि मोबाइलच्या भरवशावर राहू नये. गाडी आठवड्यातील ठरावीक दिवशीच धावते आणि खाणीच्या फेऱ्यांच्या वेळाही ठरलेल्या असतात, म्हणून निघण्यापूर्वी दोन्हींची वेळ जुळवून आरक्षण करावे. मेलबर्नहून एका दिवसात जाऊन येता येते, पण मग मैदानाचा चढ हमखास राहून जातो. आईवडील भारतातून आलेले असतील तर एक रात्र मुक्काम करावा, पहिल्या दुपारी खाण पाहावी आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसावे.