महालातला घरगुती डबा : वर्षभराचा अनुभव

नागपुरातल्या महाल भागातील एका वाड्यातून येणारा हा घरगुती डबा मी गेल्या जूनपासून दोन्ही वेळा घेत आहे. त्याला ना पाटी आहे, ना जाहिरात. शेजाऱ्यांकडून समजले म्हणून लावला. चवीविषयी पुढे लिहिलेच आहे, परंतु महिन्याच्या ३,२०० रुपयांतला मोठा वाटा मी मोजतो तो डब्याच्या वेळेसाठी.

रेल्वेच्या नियंत्रण कक्षात मी ३४ वर्षे तीन पाळ्यांत नोकरी केली. जेवण कधी दुपारी चारला, कधी रात्री दोनला होई. निवृत्तीनंतर सारे सुरळीत होईल असे वाटले होते, पण झाले उलटेच. पाळी होती तोवर निदान घरातून निघण्याची वेळ तरी ठरलेली असे. तीही गेल्यावर चहावर चहा, दोन वाजता पोहे आणि जेवण थेट दिवेलागणीला, असा एकट्या माणसाचा दिवस सैल पडत गेला. त्यातच मधुमेह. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या शरीराला इन्सुलिन सोडायला लावतात, मग पोटात अन्न असो वा नसो, आणि त्यामुळे गोळीनंतर जेवण लांबले की साखर एकाएकी खाली येते. एका दुपारी मला दरदरून घाम सुटला, हात कापू लागले. डॉक्टरांनी औषध बदलण्याआधी जेवणाची वेळ बांधून घ्यायला सांगितले.

डबा दुपारी साडेबाराला आणि रात्री साडेसातला येतो. वर्षभरात उशीर झाला तो तीनदा, आणि त्यांतला एक पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशीचा होता. त्या दिवशी महालातून सायकल बाहेर काढणेही कठीण, म्हणून तो मी धरत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला, तेव्हा नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागण्याआधीच दुपारची वेळ साडेअकरा करण्यात आली आणि तशी चिठ्ठी आठवडाभर आधी डब्यात आली. आयुष्यभर गाड्यांच्या वेळा सांभाळलेल्या माणसाला या चिठ्ठीचे किती अप्रूप वाटले, ते सांगून पटायचे नाही.

मेंदूतले घड्याळ मुख्यतः उजेडावर चालते, यकृतासारख्या अवयवांचे मात्र जेवणाच्या वेळांवर, आणि दोन्हींचा मेळ सुटला की झोप व पचन दोन्ही बिघडतात, हे माझ्या वाचनात फार उशिरा आले. पेशींतले हे घड्याळ कसे चालते, ते उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल मिळाले. आम्ही पाळीवाले मात्र 'पित्त झाले' म्हणून सोडून देत होतो. आता रात्री आठच्या आत जेवण आटोपते, दहाला झोप येते आणि पहाटे अंबाझरी तलावापर्यंत चालून येणे होते.

जेवणाचे वार ठरलेले आहेत. मंगळवारी पातोडीचा रस्सा, शनिवारी झुणका-भाकर, रविवारी दुपारी वडाभात आणि कढी. ज्याला रोज नवे हवे त्याला हे कंटाळवाणे वाटेल. मला मात्र भिंतीवरच्या दिनदर्शिकेपेक्षा डब्यावरूनच वार लवकर कळतो. वरण घट्ट, भात मोकळा, आणि सांबारवडी (कोथिंबिरीची वडी) असते त्या दिवशी ती मी आधी संपवतो. रश्शावरची तर्री माझ्या वयाला झेपत नाही. दोनदा सांगून पाहिले, दोन दिवस कमी झाली, पुन्हा होती तशीच.

खरी तक्रार रविवारच्या रात्रीची आहे. त्या वेळी डबा बंद असतो आणि माझी घडी नेमकी तिथेच मोडते. नऊपर्यंत काय करावे याचा विचार करण्यातच वेळ जातो. स्वयंपाक करणाऱ्या बाईंना एक सांज सुट्टी हवीच, हे मान्य आहे, पण दुपारच्या डब्यातच दोन दशम्या जास्तीच्या देण्याची सोय झाली तर त्याचे वेगळे पैसे द्यायला मी तयार आहे.

डबा लावणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की रिकामा डबा सकाळी दहापूर्वी धुऊन दाराबाहेर ठेवावा लागतो आणि पोळी कमीजास्त हवी असेल तर तेही तेव्हाच सांगावे लागते. दहानंतरचा निरोप दुसऱ्या दिवशी लागू होतो.