कम्युनिटी कॉलेजातलं इंटरडिसिप्लिनरी स्टडीज : पाचपैकी साडेतीन स्टार

नाशिकला परत येऊन चार महिने झाले तरी सोसायटीत कोणी ना कोणी विचारतंच, तिकडे नक्की काय शिकलीस गं, म्हणून एकदाचं लिहून टाकते. नवऱ्याच्या जॉबमुळे कॅलिफोर्नियात होतो, मी एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, मला नोकरीची परवानगी नव्हती, घरात बसून डोकं फिरायला लागलं तेव्हा जवळच्या कम्युनिटी कॉलेजात ॲडमिशन घेतली. इंटरडिसिप्लिनरी स्टडीजची, म्हणजे वेगवेगळे विषय मिळून होणारी, दोन वर्षांची असोसिएट डिग्री, ६० युनिट (युनिट म्हणजे क्रेडिट).

फी म्हणाल तर भारी. तिथले रहिवासी ठरलात की युनिटला ४६ डॉलर, म्हणजे तीन युनिटचा विषय १३८ मध्ये. पण स्टुडंट व्हिसावर जाणाऱ्या पोरांनी हा आकडा धरून बसू नका, त्यांना कितीतरी पट पडते.

६० पैकी निदान १८ युनिट एका गटाचे लागतात, मी सोशल सायन्स घेतलं. नावात इंटर वगैरे असलं तरी विषय जोडून कोणी देत नाही हां, कुरमुरे एका पुडीत, शेव दुसऱ्या पुडीत, भेळ तुमची तुम्ही करा. माझी झाली ती दुतोंड्या मारुतीमुळे, म्हणजे नाशिकला गोदावरीच्या पात्रात उभी असलेली मारुतीची मूर्ती! जिओग्राफीच्या मॅडमनी पुरावर पेपर लिहायला सांगितला, मी लिहिलं की आमच्याकडे गंगापूर धरणातून पाणी सोडलं की किती क्युसेक ते पेपरात येतं, पण गंगेवर (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) लोक विचारतात मारुतीच्या कुठपर्यंत आलं, गुडघ्याला, कमरेला की छातीला. मॅडम खूश. तोच मारुती मी अँथ्रोपॉलॉजीत वापरला आणि मग स्टॅटिस्टिक्सच्या सरांकडे नेला, ते म्हणाले हे तर ऑर्डिनल स्केल, क्रम कळतो पण गुडघा ते कंबर आणि कंबर ते छाती हे अंतर सारखं आहे असं धरता येत नाही, त्यामुळे सरासरी काढू नकोस. मी पंचवटीत बाबांना फोन करून माप मागितलं तर म्हणाले, "आता मारुतीरायाला टेप लावू का मी?" आणि दुसऱ्या दिवशी खरंच लावून आले. ते सेमिस्टर मी कधी विसरणार नाही.

वैताग म्हणजे काउन्सेलिंग. दरवेळी नवीन माणूस, जेमतेम अर्धा तास, एकाने घ्यायला लावलेला विषय शेवटी माझ्या डिग्रीत धरलाच नाही, तीन युनिट पाण्यात. पुढे चार वर्षांच्या कॉलेजात जायचं असेल तर ट्रान्स्फरवाली वेगळी असोसिएट डिग्री असते, कॅल स्टेटमध्ये (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत) जागेची हमी तिच्यावर मिळते, या साध्या डिग्रीवर नाही, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं, तेही वर्गातल्या एका रिटायर्ड आजीकडून. आणि इथे भारतात ही दोन वर्षं म्हणजे ग्रॅज्युएशन नव्हे, माझं बीकॉम आधीच झालेलं म्हणून निभावलं.

एक स्टार काउन्सेलिंगचा कापला. अर्धा पार्किंगचा, सेमिस्टरच्या पहिल्या दोन आठवड्यांत जागा शोधता शोधता लेक्चर संपायचं.